ऑनलाइन गोष्टींतून वाचनाकडे: काय जमतं, काय फसतं?

अक्षरपेटी
माळा आवरताना किशोरचे जुने अंक हाताला लागले आणि झाडू बाजूला ठेवून तिथेच फतकल मारली. म्हणून हा धागा. साधारण ३ ते ८ वयाच्या मुलांना ऑनलाइन गोष्टींतून वाचनाकडे कसं आणायचं ते लिहा. "अमुक साइट छान आहे" एवढंच नको, ती वापरायची कशी आणि कुठे अडतं तेही लिहा.

सुरुवात किशोरपासूनच करते. १९७१ पासूनचे अंक बालभारतीने आपल्या संकेतस्थळावर मोफत ठेवलेत. पण ती स्कॅन केलेली पानं आहेत, फोनवर अक्षर मुंगीएवढं दिसतं. टॅब किंवा लॅपटॉप घ्या. पाच-सहा वर्षांच्या मुलासमोर अख्खा अंक उघडू नका. एखादी कविता किंवा कोड्यांचं पान आधी शोधून ठेवा, तेवढंच दाखवा. लांब कथा आपण वाचायच्या.

वाचनताई
प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर, मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकांची साइट, २०१५ पासून आहे. मोफत. भाषा मराठी निवडायची, मग पातळी. पातळी १ म्हणजे २५० शब्दांच्या आत, २ म्हणजे ६०० पर्यंत, ३ म्हणजे १५०० पर्यंत, त्यापुढे ४. बहुतेक पालक इथेच चुकतात. मूल दुसरीत आहे म्हणून पातळी २ उघडतात. ती पातळी इयत्तेची नाही, वाचायच्या तयारीची आहे. पानावर पाच शब्दांना अडलं तर ते पुस्तक सध्या ऐकायचं, वाचायचं नाही. पातळी १ मध्ये पानावर जेमतेम एक-दोन ओळी असतात, तिथे दोनदा अडलं तरी तोच अर्थ.

आणि पुस्तक आधी स्वतः वाचून घ्या. तिथे अनुवाद कोणीही करू शकतं, त्यामुळे काही मराठी मजकुरात हिंदीचं वळण डोकावतं.

दुधावरची_साय
गॅसवर दूध आहे, सविस्तर नंतर. तोवर एकच, पुढचा व्हिडिओ आपोआप लावणारं यूट्यूबचं ऑटोप्ले बंद करा!!

चिंचगूळ
वाचनताईंना अनुमोदन. यंत्राच्या आवाजात वाचलेल्या मराठी गोष्टींपासून जरा जपून. आपल्या च, ज, झ यांना दोन-दोन उच्चार आहेत आणि लिपीत ते वेगळे दिसत नाहीत. "चिंच" याच शब्दात दोन्ही च आहेत, पहिला चहातला, दुसरा चमच्यातला. माझा आणि माझी, तसंच. यंत्र बऱ्याचदा सरसकट एकच उच्चार काढतं. नव्याने वाचणारं मूल कानावर पडलेल्या शब्दाशी अक्षर जुळवत असतं. कानाला शब्द ओळखीचा वाटला नाही तर अक्षर बरोबर वाचूनही ते "चुकलं का?" म्हणून आपल्याकडे बघतं. माणसाने वाचलेलीच गोष्ट निवडा. पहिलं अर्धं मिनिट ऐकलं तरी कळतं.

कोथरूड_डेपो
ऑटोप्लेच्या पुढचं सांगतो. यूट्यूब किड्समध्ये पालकांच्या सेटिंगमध्ये जाऊन मुलाच्या प्रोफाइलला "फक्त आपण मंजूर केलेलं" हा पर्याय द्या. मग शोधपट्टीच जाते आणि तुम्ही निवडलेलेच व्हिडिओ दिसतात. टायमरही आहे, पण तो वेळ संपली की गोष्टीच्या मधोमध कुलूप लावतो आणि मग रडारड. गोष्ट ८ मिनिटांची असेल तर टायमर १२ चा लावा.

साध्या यूट्यूबवरच दाखवणार असाल तर अँड्रॉइडमध्ये अ‍ॅप पिन करता येतं, म्हणजे मूल त्यातून दुसरीकडे जात नाही, सेटिंगमध्ये सुरक्षेच्या भागात सापडेल. आयपॅडवर त्यालाच गाइडेड अ‍ॅक्सेस म्हणतात.

पाटीपेन्सिल
बुकबॉक्सच्या मराठी व्हिडिओ-गोष्टी कोणी वापरल्यात का? बोललेलं त्याच भाषेत खाली उमटतं आणि आवाजाबरोबर शब्दाचा रंग बदलत जातो. त्याच भाषेतली उपशीर्षकं ही बुकबॉक्सचे संस्थापक ब्रिज कोठारी यांची कल्पना, १९९६ सालची.

पण नुसतं लावून दिलं तर मूल चित्रच बघतं, खालच्या ओळीकडे डोळा जातच नाही. म्हणून तीन फेऱ्या. पहिल्यांदा गोष्ट नुसती बघू द्या. दुसऱ्यांदा पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा चित्रावर धरा, फक्त ओळ उघडी. तिसऱ्यांदा आवाज बंद, प्रत्येक ओळीला पॉज, ओळ मुलाने वाचायची. तिसरी फेरी अख्ख्या गोष्टीची नको, सुरुवातीच्या चार ओळी खूप झाल्या. पुठ्ठा मुलाच्याच हातात द्या, काम आवडीने होतं.

शाळेची_घंटा
पॉजबद्दल लिहिलंत ते फार बरं केलंत. रेकॉर्ड केलेली गोष्ट मुलासाठी थांबत नाही, हाच तिचा मोठा दोष. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ व्हाइटहर्स्ट यांनी १९८८ मध्ये संवादी वाचनाची पद्धत मांडली, ती व्हिडिओलाही लावता येते. क्रम असा: विचारा, दाद द्या, वाढवा, परत म्हणवून घ्या.

पॉज. "हे कोण?"
"माऊ."
"हो, माऊच! काळी माऊ भिंतीवर बसलीय. कुठे बसलीय?"
"काळी माऊ भिंतीवर बसलीय."

एका गोष्टीत असे तीन-चार थांबे पुरेत. प्रत्येक चित्राला थांबलात तर गोष्टीचा धागा तुटतो, मूल उठून जातं. "काय शिकलास यातून?" हा प्रश्न तर नकोच.

निगडीची_आई
वाचायला छान वाटतं हो, पण आम्ही दोघंही नोकरीवर. दिवसभर आजी असतात, त्यांना फोनमधलं हे सगळं जमत नाही. मग कार्टूनच लागतं.

शाळेची_घंटा
@निगडीची_आई, वाईट वाटून घेऊ नका, खूप घरांत हेच आहे. रविवारी स्टोरीवीव्हरवरून पाच गोष्टींच्या पीडीएफ उतरवून एका फोल्डरमध्ये ठेवा आणि त्याचं चिन्ह फोनच्या पहिल्याच पानावर आणा. इंटरनेट लागत नाही, जाहिरात नाही, पुढचं काही आपोआप सुरू होत नाही. फाइलची नावं मराठीत लिहा, "१ हत्ती", "२ पाऊस". आजींना फक्त पान सरकवायचंय, वाचणार त्याच. यंत्रापेक्षा त्यांचा आवाज केव्हाही सरस. चष्मा जवळ ठेवायला सांगा.

निगडीची_आई
फाइलला मराठी नाव! हे सुचलंच नव्हतं. आजच करते 🙏

दुधावरची_साय
आले. दूध वाचलं. सोसायटीतल्या मुलांसाठी झूमवर गोष्ट सांगणाऱ्यांसाठी थोडं.

मोफत खात्यात ४० मिनिटं मिळतात. ४-५ वर्षांच्या मुलांना २० पुरतात, मुलं सहा-आठच घ्या. मागचं खोटं दृश्य आणि धूसर पार्श्वभूमी दोन्ही बंद ठेवा, नाहीतर हातातलं पुस्तकच गायब होतं. स्वतःला अक्षरं उलटी दिसतात म्हणून घाबरू नका, आरशासारखं ते फक्त आपल्यालाच दिसतं. गुळगुळीत पानावर ट्यूबची पांढरी रेघ पडते, पुस्तकाची वरची कड किंचित पुढे झुकवा. टाळ्या, खुळखुळा वाजवणार असाल तर मूळ आवाजाचा पर्याय चालू करा. नाहीतर झूम त्याला गोंगाट समजून गाळतं.

बाराखडी_१२
एक वेगळीच अडचण. बऱ्याच साइटवर ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. पहिलीच्या पुस्तकातला ल वेगळा, पडद्यावरचा वेगळा. मूल "हे अक्षर शिकवलंच नाही" म्हणतं. पानाची भाषा मराठी अशी नोंदलेली असेल आणि फॉन्टमध्ये मराठी रूप असेल तरच आपला ल दिसतो. दोन्ही रूपं पाटीवर शेजारी-शेजारी लिहून दाखवा, दोन दिवसांत सवय होते.

कोथरूड_डेपो
हो हो, श चं तर फारच!

सहकारनगर
वयाचं राहिलं. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेची २०२१ ची सूचना आहे, दोन वर्षांखाली पडदा नाही, २ ते ५ साठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास. दोनच्या आतल्या बाळाला कापडी पुस्तक आणि आपली मांडी.

अक्षरपेटी
किती कामाचं लिहिताय सगळे! पीडीएफ छापून घ्यायच्या तर पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या छपाईच्या दुकानदाराला नेमकं काय सांगायचं? पुस्तिका म्हणून छापलं तर अक्षरं फारच बारीक आली.

पाटीपेन्सिल
@अक्षरपेटी, स्टोरीवीव्हरची बरीच पुस्तकं आडव्या मांडणीची आहेत. पुस्तिकेच्या छपाईत आडवं पान उभ्या अर्ध्या कागदात कोंबलं जातं, म्हणून बारीक. त्याऐवजी उभ्या ए-फोरवर वर-खाली दोन पानं छापायला सांगा, मग मधोमध कापा. १६ पानी पुस्तकाला ८ कागद.

अक्षरपेटी
पाठपोट चालेल? कागद वाचतील.

पाटीपेन्सिल
नको. पाठपोट छापून कापलं की १ च्या मागे ३ येतं आणि २ च्या मागे ४, सगळा क्रम विस्कटतो. एकाच बाजूला, शक्यतो १०० जीएसएमच्या, म्हणजे जरा जाड कागदावर, डाव्या कडेला दोन पिना. श्रेयाचं शेवटचं पान गाळू नका, या पुस्तकांच्या मुक्त परवान्यात श्रेय देणं बंधनकारक आहे. मागची कोरी बाजू मुलांना चित्रं काढायला राहते.