वासराला लिव्हर टॉनिक कशाला?

माळरान: वासरू जरा मलूल दिसलं की दुकानदार आधी लिव्हर टॉनिकची बाटली हातात देतो. माझं स्पष्ट मत आहे, पहिल्या महिन्यात तो पैसा वाया जातो. आतड्याचं जवळजवळ सगळं रक्त आधी यकृतात जातं. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी साधारण पाऊण हिस्सा याच वाटेनं येतो. तिथल्या कुप्फर पेशी आतड्यातून निसटलेले जंतू पकडून गिळतात. जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांत या पेशी ढिल्या पडतात आणि आतड्यातल्या जंतूंनी बनवलेलं डी-लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचा एक प्रकार) पोचलं की परत कामाला लागतात. म्हणजे यकृताची ताकद घडते ती आतड्यात. म्हणून चीक वेळेवर पाजा आणि दगडी (कासेचा दाह) झालेल्या गाईचं अँटिबायोटिकवालं दूध वासराला देणं बंद करा.

खिल्लारवाला: नाही पटलं. टॉनिक दिलं की माझी वासरं चाऱ्याला तोंड लावतात, हे मी डोळ्यांनी बघतो. आणि डेअरीत चालत नाही ते दूध काय गटारात ओतू? उकळून पाजतो. उंदरांवरून गोठा चालवायचा नसतो.

माळरान: उकळल्यानं जंतू मरतात, औषधाचा अंश पुरता जात नाही. तेवढ्या अंशानं वासराच्या आतड्यातले चांगले जंतू कमी होतात आणि औषधाला न जुमानणारे उरतात. मग खरी हगवण लागली की तेच इंजेक्शन लागू पडत नाही.

पशुवैद्य_सांगली: औषधाचं दूध न पाजण्याबद्दल माळरान बरोबर आहेत, पण डी-लॅक्टेटचं कौतुक अर्धवट आहे. हगवणीत न पचलेलं दूध आतड्यात आंबतं, डी-लॅक्टेट रक्तात साठतं आणि वासरू झोकांड्या खायला लागतं. तोंडात बोट घातलं तरी चोखत नाही. तिथे शिरेतून सलाईन आणि सोडाच (बायकार्बोनेट) लागतो. दुसरं, सगळं आतड्यातूनच येतं असंही नाही. नाळेतली शीर थेट यकृताला जाते. नाळ पिकली तर आतड्यातले जंतू कितीही चांगले असोत, यकृतात पू होऊ शकतो. वासरू जन्मल्या जन्मल्या नाळ आयोडीनमध्ये बुडवा. पाच मिनिटांचं काम आहे, तरी टाळलं जातं याचं वाईट वाटतं.

गोठ्यातली_ताई: आमच्याकडे गाईची वार (जार) पडेपर्यंत चीक पाजायचा नाही, असाच दंडक. जास्त पाजला की वासरू हगतं म्हणतात. घरातल्या जाणत्यांचा अनुभव काय खोटा?

पशुवैद्य_सांगली: ताई, अनुभवाचा मान आहे, पण इथे वासरू मरतं. गाईच्या पोटात असताना वासराला आईकडून प्रतिपिंडं मिळतच नाहीत, ती फक्त चिकातून मिळतात. आणि ती रक्तात घेण्याची आतड्याची क्षमता तासातासानं घटत 24 तासांत जवळपास संपते. वार पडायला उशीर झाला तर ती वेळ हातची जाते. 35 किलोच्या वासराला साधारण साडेतीन लिटर चीक, जमेल तितक्या लवकर. चीक कसदार आहे का, हे द्राक्षबागेतल्या ब्रिक्स मीटरनंही (रसातली साखर मोजायचं यंत्र) कळतं. 22 किंवा वर आलं की उत्तम.

खिल्लारवाला: हे सगळं एचएफचं (होल्स्टीन फ्रिजियन या परदेशी दुधाळ गाईंचं) गणित. खिल्लार गाय मुळात दूधच किती देते?

गोठ्यातली_ताई: मग तर पहिली धार पूर्ण वासराचीच पाहिजे ना? खरवस दुसऱ्या दिवशीच्या चिकाचा करू, वड्या थोड्या मऊ होतील एवढंच.

खिल्लारवाला: ते मान्य. वार पडायची वाट मीही बघत नाही. टॉनिक मात्र चालू ठेवणार.

माळरान: ठेवा. पण एकाच आठवड्यात जन्मलेली वासरं घ्या, चीक सगळ्यांना सारखा पाजा, टॉनिक निम्म्यांनाच द्या आणि महिन्यानं छातीचा घेर टेपनं मोजा. आकडे इथेच टाका.