मदत हवी आहे: वहिवाटीची पायवाट अडवली, कलम ५ की १४३?

नमस्कार मंडळी, जरा कोणाला महसूलचं माहिती असेल तर सांगा. आमच्या शेताकडे जाणारी पायवाट शेजारच्या नवीन मालकाने तारेचं कुंपण घालून बंद केलीये, वर बांधाच्या तोंडाशी बाभळीच्या काट्या रचून ठेवल्यात, म्हणजे माणूस तर नाहीच पण शेळीसुद्धा जाणार नाही. आजोबांपासून सगळे तिथूनच जातात. तलाठ्याकडून गाव नकाशा काढला तर त्यात एकेरी तुटक रेष, म्हणजे पायवाट, स्पष्ट दिसते (दुहेरी असती तर गाडीवाट) पण सातबाऱ्यावर इतर हक्कात रस्त्याची कसलीच नोंद नाही आणि तो नवीन मालक तेवढंच धरून बसलाय.

आता एक जण म्हणतो मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली अडथळा काढायचा दावा (तहसीलदारांकडेच) टाक, रस्ता अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत टाकावा लागतो, दुसरा म्हणतो महसूल संहितेच्या कलम १४३ ने बांधावरून रस्ता माग. माझ्या मते १४३ नवीन रस्त्यासाठी असतं आणि आपला तर जुनाच आहे, मग उगाच नवीन मागून जुना हक्क सोडल्यासारखं नाही का होणार?

ज्यांनी तहसीलदारांकडे असा दावा चालवलाय त्यांनी सांगा, पंचनाम्याच्या वेळी काय दाखवायचं? जुन्या शेजाऱ्यांचे जबाब चालतात का? आणि निकाल लागेपर्यंत वाट तात्पुरती खुली करून मिळते का, पेरणी तोंडावर आलीये हो.