'रेड हेडेड स्ट्रेंजर' खरंच एवढा थोर आहे का?

निवांत_रेडिओ (धागाकर्ता)
अमेरिकन गायक विली नेल्सनचा १९७५चा हा अल्बम म्हणजे कंट्री (अमेरिकेतल्या गावाकडच्या) संगीतातलं सर्वोत्तम स्टुडिओ काम, असं माझं मत. टेक्सासात गार्लंडच्या एका छोट्या स्टुडिओत, काही हजार डॉलरांत उरकलेलं. विलीची गिटार, बहीण बॉबीचा पियानो, मिकी राफाएलची हार्मोनिका, ड्रम जेमतेम. बायकोला आणि तिच्या प्रियकराला मारून घोड्यावर भटकणाऱ्या पाद्र्याची गोष्ट, अर्ध्या तासात. कोलंबिया कंपनीच्या साहेबांना हा नुसता डेमो वाटला होता. करारात विलीला पूर्ण मोकळीक होती म्हणून जसाच्या तसा निघाला. त्यातल्या 'ब्लू आइज क्रायिंग इन द रेन'मुळे गायक म्हणून विली पहिल्यांदा कंट्रीच्या यादीत पहिल्या नंबरावर गेला.
ओळ संपताना तो तालाच्या मागे रेंगाळतो ना, ती रिकामी जागा भरायला कोणी धावत नाही. नॅशव्हिलमध्ये, म्हणजे कंट्रीच्या बड्या रेकॉर्ड कंपन्यांच्या शहरात, तिथे व्हायोलिनं घुसली असती.

तिखटजाळ
नॅशव्हिलला नावं ठेवायची फॅशनच झालीय. 'क्रेझी' लिहिलं विलीनेच. १९६१मध्ये पॅट्सी क्लाइनने गायलं, निर्माता ओवेन ब्रॅडली, मागे जॉर्डनेअर्सचा कोरस. अस्सल नॅशव्हिल. त्यातलं एक वाद्य काढून दाखवा! वाद्यं कमी की गाणं खरं, हे गणित कुठलं?

निवांत_रेडिओ
'क्रेझी'बद्दल वाद नाहीच. पण त्याच नॅशव्हिलला गायक विली कधी उमगला नाही. आरसीए या रेकॉर्ड कंपनीत निर्माता चेट अ‍ॅटकिन्सच्या देखरेखीखाली वर्षानुवर्षं रेकॉर्ड निघाल्या, मोठं यश काही आलं नाही. पॅट्सीचा आवाज वाद्यमेळावर स्वार होतो. विली बोलल्यासारखा गातो, तो त्यात बुडतो.

ऑस्टिनची_मावशी
माझा आक्षेप आवाजावर नाही, गोष्टीवर आहे. शीर्षकगीतात सोनेरी केसांची बाई त्याच्या मेलेल्या बायकोच्या घोड्याला हात घालते आणि हा तिला गोळी घालतो. सुटतो कसा? घोडा चोरणाऱ्या बाईला मारलं तर फाशी देता येत नाही म्हणे! पुढे 'हँड्स ऑन द व्हील'मध्ये तोच घरी परतल्यासारखा शांत होतो. मेलेल्या बायकांच्या तोंडी मात्र एक ओळ नाही.
आणि हे विलीला जमत नव्हतं असंही नाही. आदल्याच वर्षीचा 'फेझेस अँड स्टेजेस' ऐका. मोडलेला संसार, रेकॉर्डची एक बाजू बायकोची, दुसरी नवऱ्याची. निर्माता जेरी वेक्सलर, वाद्यमेळही भरगच्च. माझ्या लेखी विलीचा खरा अल्बम तो.

खर्जातला
शिवाय यात विलीचं किती? शीर्षकगीत एडिथ लिंडमन आणि कार्ल स्टट्झचं. 'ब्लू आइज' फ्रेड रोजचं, रॉय एकफने १९४०च्या दशकातच गायलेलं. 'कॅन आय स्लीप इन युअर आर्म्स' हँक कॉक्रनचं.

निवांत_रेडिओ
@खर्जातला, मला तर तीच करामत वाटते. 'ब्लू आइज' एरवी साधं विरहगीत. इथे ते खुनानंतर लगेच येतं. ताटातूट कोणामुळे झाली हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं, गाणारा अवाक्षर काढत नाही. मावशी, विली त्याला माफ करत नाही हो, नुसता गोष्ट सांगतो.

ऑस्टिनची_मावशी
नुसती गोष्ट कसली? मारणारा रडतो आणि आपण त्याच्यासाठी हळहळतो, हे आपोआप होत नाही, गाण्यांचा क्रमच तसा लावलाय. कारागिरी मोठी आहे, मान्य. म्हणूनच तर राग येतो.

तिखटजाळ
एवढ्या भांडणात बॉबीने पियानोवर वाजवलेल्या 'डाउन यॉन्डर'चं नाव कोणी घेतलं नाही. अल्बममधला एकमेव मिनिट-दोन मिनिटांचा आनंद, तोही विलीने तोंड न उघडता. :)