मूळ आदेश पुण्याचा, अपिलाचा आदेश दिल्लीचा: रिट कुठे?

रिटवाला: पुण्यातल्या केंद्रीय अधिकाऱ्याने परवाना रद्द केला, दिल्लीतल्या अपील अधिकाऱ्याने अपील फेटाळलं. अशा प्रकरणात रिट (सरकारी आदेशाविरुद्ध थेट उच्च न्यायालयात केलेली याचिका) घेऊन सरळ दिल्ली उच्च न्यायालय गाठायची सवय मला चुकीची वाटते. कारखाना, साक्षीपुरावा, मूळ नोटीस सगळं पुण्यात. मुंबई उच्च न्यायालयातच जावं.

दिल्लीपंथी: का बरं? कुसुम इनगॉट्सच्या खटल्यात (२००४) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलंय की मूळ आणि अपील अधिकारी वेगवेगळ्या ठिकाणी असतील तर दोन्हीकडे रिट चालते. मूळ आदेश अपिलाच्या आदेशात विलीन होतो, मग आव्हान कशाला द्यायचं? दिल्लीच्याच आदेशाला.

रिटवाला: त्याच निकालात पुढे असंही आहे की वादकारणाचा (ज्या घटनांवरून दाद मागता येते त्यांचा) छोटासा तुकडा हद्दीत घडला म्हणून न्यायालय प्रकरण गुणवत्तेवर ऐकायला बांधील नाही. स्टर्लिंग ॲग्रोच्या खटल्यात (२०११) दिल्ली उच्च न्यायालयाच्याच पाच न्यायमूर्तींनी हेच धरलं: अपील अधिकारी इथे बसतो एवढ्यावर भागत नाही, सोयीचं न्यायालय कोणतं तेही बघायचं. म्हणजे अधिकार असूनही ‘तिकडे जा’ ऐकायची तयारी ठेवा. तोवर स्थगिती नाही, वर उशिराचा खुलासा द्यायचा तो वेगळाच.

दिल्लीपंथी: तो विवेकाधिकार आहे, बंदी नव्हे. अपिलात सुनावणीच दिली नाही, हा मुख्य मुद्दा असेल तर दोष दिल्लीत घडलाय. तिथे पुण्याच्या कारखान्याचा काय संबंध?

करवाला: दोघेही रिटबद्दलच बोलताय. आयकर कायदा १९६१ च्या कलम २६०अ खालचं, म्हणजे आयकर न्यायाधिकरणाच्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयातलं, अपील असेल तर ही निवडच नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या एबीसी पेपर्स निकालानुसार (२०२२) ज्या निर्धारण अधिकाऱ्याने (कर ठरवणाऱ्या अधिकाऱ्याने) आदेश काढला, त्याच्या हद्दीचं उच्च न्यायालय. न्यायाधिकरण कुठे बसलं, नंतर कलम १२७ खाली फाइल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे वर्ग होऊन कुठे गेली, काही फरक पडत नाही.

रिटवाला: बरोबर. रिटमध्ये मात्र हद्दीचा परिच्छेद ‘वादकारण येथे घडले’ एवढ्यावर सोडू नका. नोटीस कुठे बजावली, आदेश कुठे निघाला, परिणाम कुठे झाला, हे तारखांसह लिहा. दोन्ही आदेश रद्द करण्याची मागणी करा. नुसता अपिलाचा आदेश उडाला तर मूळ आदेश मानेवर राहतो. आणि महाराष्ट्रात मुंबई उच्च न्यायालयाचं कोणतं पीठ, तेही तपासा. सांगलीचं प्रकरण १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे.

दिल्लीपंथी: परिच्छेदाचं मान्य. पण सुनावणी नाकारल्याची तक्रार असेल तर मी तरीही दिल्लीतच दाखल करेन.