पौर्णिमेला मुलांना घेऊन गच्चीवर जमतोय, कुठल्या महिन्यात काय करावं?

रानजाई: पुण्यात आमच्या सोसायटीतल्या काही घरांनी ठरवलंय, दर पौर्णिमेला मुलांना घेऊन गच्चीवर जमायचं. मुलांना बातम्यांमुळे 'स्ट्रॉबेरी मून' माहीत आहे, पण आपल्या पौर्णिमा म्हटलं की गाडी कोजागरी आणि होळीपाशी अडते. हाताला काम आणि तोंडाला चव असं काहीतरी हवंय. तुमच्याकडे काय करतात ते सांगा ना.

कुरडू: कोजागरीच्याच दिवशी आमच्या कोकणात नव्याची पुनव असते. भाताच्या लोंब्या, नाचणीचं कणीस, आंब्याची पानं, कुरडूची आणि झेंडूची फुलं एकत्र बांधून त्याचं 'नवं' दाराला लावतात. शेतातून पहिलं धान्य घरात येतं त्याचा हा सण, म्हणून मला तो दुधाइतकाच मोलाचा वाटतो. शहरातल्या मुलांनी भाताची लोंबी हातात धरलेली नसते. ती जरूर आणा, एकेक दाणा सोलून आतला तांदूळ बघू दे त्यांना.

वऱ्हाडी: आमच्या भुलाबाईला विसरू नका! भाद्रपद पौर्णिमेला बसते, कोजागरीला निरोप. गाणी झाली की झाकलेली खिरापत ओळखायची. डबा हलवून आवाज ऐकायचा, आंबट की गोड विचारायचं. मुलं यात तासभर रमतात. मग आटीव दूध : केशर, वेलदोडा, चारोळी. पातेलं उघड्यावर ठेवून दुधात चंद्र दिसला की मगच वाटायचं.

खगोलवेडा: वेळ सांभाळा. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळायच्या सुमारास उगवतो. जेवून नऊला वर गेलात तर क्षितिजावरचा तांबूस चंद्र हुकला. आणि तारीख पंचांगात बघा, कोजागरीला मध्यरात्री पौर्णिमा असावी लागते, त्यामुळे कधीकधी ती आदल्या दिवशी येते. महिन्यांची नावंही आकाशातच सापडतात. चैत्रात पूर्ण चंद्र चित्रेच्या आसपास, कार्तिकात कृत्तिकांच्या. चित्रा नुसत्या डोळ्यांनी दिसेल, कृत्तिकांचा झुपका चांदण्यात बुडतो, त्याला दुर्बीण लागेल.

साखळीकर: त्रिपुरीला गोव्यात या. साखळीला विठ्ठलापुरात वाळवंटी नदीत दिवे लावलेल्या होड्या सोडतात, रात्री काठावर ही गर्दी! येणं जमलं नाही तर मुलांकडून केळीच्या सोपाच्या होड्या करून घ्या, त्यात पणती ठेवा आणि मोठ्या घमेल्यात सोडा. थर्माकोल नको.

रानजाई: सगळ्यांचे मनापासून आभार. लोंब्या मुळशीकडून मिळतील, विचारते. पावसाळ्यात चंद्र दिसणार नाही, तेव्हा काय?

कुरडू: तेव्हा सरळ घरात बसा. गुरुपौर्णिमेला मुलांनी आजी-आजोबांकडून एखादी गोष्ट शिकावी, नारळीला नारळीभात. ओलं खोबरं मुलांनाच खवू द्या, मोठं कुणी शेजारी बसा म्हणजे झालं.

रानजाई: हे आवडलं. आणि पौषातली शाकंभरी? तिच्या नैवेद्याला खूप भाज्या लागतात असं ऐकलंय.

वऱ्हाडी: हो, जितक्या मिळतील तितक्या. मंडईत तेव्हा चाकवत, अंबाडी, मेथी, कांद्याची पात, हरभऱ्याचा पाला, पावटा, घेवडा, वांगी, गाजर सगळं असतं. प्रत्येक घराने दोन-दोन आणा, एकच मोठी मिसळीची भाजी करा, सोबत बाजरीची भाकरी आणि लोणी.