घटस्फोट ‘घेतला’, ‘दिला’ की ‘झाला’?

प्रश्न : मैत्रिणीचं लग्न नुकतंच संपलं. दोघांनी मिळून ठरवलं, एकमेकांबद्दल वावगा शब्द काढत नाहीत. पण ‘घटस्फोट’ म्हणताना तिला काहीतरी फुटल्याचा आवाज येतो. दुसरा शब्द आहे का?

उत्तर : तिचा कान बरोबर आहे. धर्मशास्त्रातला घटस्फोट लग्नाचा नव्हेच. पतित ठरवलेल्या माणसाच्या नावाने पाण्याचा घडा लवंडायचा आणि त्याच्याशी सगळा व्यवहार तोडायचा, असा तो बहिष्काराचा विधी. माणूस जिवंत असताना त्याला मेलेला ठरवायचं! तो शब्द पुढे नवराबायकोला चिकटला. ‘काडीमोड’मध्येही मोडणं आहेच. ‘सोडचिठ्ठी’त एक सोडणारा, एक सुटणारा. ‘फारकत’ मला त्यातल्या त्यात बरा वाटतो. मुळात तो देणंघेणं फिटल्याचा, मोकळं केल्याचा कागद.

पण मला विचाराल तर नामापेक्षा क्रियापद जपावं. ‘त्याने तिला घटस्फोट दिला’ म्हटलं की देणाऱ्याचा हात वर. ‘तिने घेतला’ म्हटलं की ऐकणारा तिच्यातच खोट शोधतो. ‘टाकलेली’ तर बोलूच नये. ‘टाकलेला नवरा’ असं कुणी म्हणतं का? ‘आम्ही वेगळे झालो’ यात कर्ते दोघं आहेत आणि कर्म कुणीच नाही. मी हेच सुचवेन.

– आणि पूर्वीच्या नवऱ्याची ओळख कशी करून द्यायची? ‘माझा एक्स’ कानाला खटकतं.

– एका शाळेच्या कार्यक्रमात ऐकलेलं सांगते. वेगळ्या झालेल्या बाईंनी शिक्षिकेला शांतपणे सांगितलं, ‘हे हिचे बाबा.’ नातं मुलीकडून सांगितलं, ‘हे’ कायम ठेवलं. शेजारी उभ्या त्या गृहस्थांनी नमस्कार केला आणि खुर्ची पुढे सरकवली. ‘आब राखणे’ म्हणतात ते मला तिथे दिसलं. फारसीत आब म्हणजे पाणी, त्यावरून तेज, प्रतिष्ठा. आपल्या ‘अब्रू’तही तेच पाणी आहे. घडा लवंडला तरी हे पाणी सांडायचं कारण नाही.

– मैत्रिणीला कळवलं. ‘वेगळे झालो’ तिला पटलं. म्हणाली, लोकांना सांगताना ‘आम्ही’ म्हणेन. त्याच्याशी बोलताना मात्र ‘आपण वेगळे झालो’ असंच तोंडात येतं, आणि ते ‘आपण’ बदलावंसं वाटत नाही.