पुरंदर विमानतळ आणि कलम ३००अ: कायदा केला की सरकारला जमीन मिळाली?

दिवेघाट:
पारगाव, खानवडी, एखतपूर, मुंजवडी, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी. पुण्याजवळच्या पुरंदर तालुक्यातल्या या सात गावांच्या जमिनीवर पुण्याचा नवा विमानतळ ठरलाय. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला. उरलं कलम ३००अ: कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येणार नाही. यावरून बरेच जण म्हणतात, सरकारने कायदा केला की संपलं. संपत नाही! मे २०२४ मध्ये कोलकाता महापालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या कलमात काय काय येतं ते सांगितलं. नोटीस द्यायची, हरकत ऐकून घ्यायची, निर्णय कारणांसह कळवायचा, सार्वजनिक हेतू दाखवायचा, योग्य मोबदला द्यायचा, प्रक्रिया वेळेत चालवायची आणि तडीस न्यायची. मोबदला हा यातला फक्त एक भाग. आपल्याकडे मात्र सगळं बोलणं एकरी भावावर येऊन थांबतं. पुरंदरला एमआयडीसीचा, म्हणजे औद्योगिक विकास महामंडळाचा, १९६१ चा कायदा लावलाय. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातला सामाजिक परिणामांचा अभ्यास त्यात नाही. माझा आक्षेप या पळवाटेला आहे.

कोथरूडकर:
पुण्याच्या आताच्या लोहगाव विमानतळाची धावपट्टी हवाई दलाची आहे, तिथे वाढायला जागा नाही. पानशेत-वरसगाव धरणांत लोकांच्या जमिनी गेल्या म्हणून आज पुण्याच्या नळाला पाणी येतं. आणि हा हक्क मूलभूत राहिला नाही त्यालाही इतिहास आहे. जमीनदारी मोडताना मोठे जमीनमालक याच हक्काच्या जोरावर कोर्टात गेले होते. कूळकायद्याने ज्यांच्या आजोबांना जमीन मिळाली, त्यांनी तरी हे विसरू नये.

दिवेघाट:
कूळकायद्यात जमीन कसणाऱ्याकडे गेली. इथे ती कसणाऱ्याकडून जातेय. अंजीर-सीताफळाच्या बागा आहेत त्या.

मावळतीचा_वारा:
मुळशीचं कुणी काढलं नाही अजून? १९२१ ला टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले, तरी धरण झालंच. तेव्हा १८९४ चा इंग्रजांचा कायदा होता, तोच २०१३ पर्यंत चालला. तो बदलायला शंभरावर वर्षं लागली. आता नवा कायदा बाजूला ठेवून दुसऱ्या दाराने जमीन घ्यायची असेल तर तो केला कशाला? नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानेही बहुमताने सांगितलं की प्रत्येक खासगी मालमत्ता कलम ३९(ब) मधली, म्हणजे सर्वांच्या हितासाठी वाटायची, समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही.

कोथरूडकर:
तो खटला मुंबईच्या जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतींवरून आला होता, विमानतळावरून नाही. सार्वजनिक कामासाठी मोबदला देऊन जमीन घ्यायचा सरकारचा अधिकार त्याने कमी झालेला नाही. अभ्यास हवा हे मला पटतं. पण एकेका अभ्यासात वर्षं गेली की खर्च वाढतो, आणि तो तुमच्या-माझ्या करातूनच जातो.

दिवेघाट:
२०१३ च्या कायद्यात त्या अभ्यासाला सहा महिन्यांची मुदत आहे. पुरंदरचं २०१६ पासून चाललंय. तेवढ्यात तो कितीदा तरी झाला असता.